तबकडीवरचा नाताळ: जुनी ध्वनिनाट्यं आणि कॅरल्स कशी जमवावीत, कशी टिकवावीत

नाताळच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवणारे सहसा दोन ठिकाणी फसतात. नाटकाच्या शोधात असलेला माणूस चकचकीत तबकड्या पाहून अख्खा संच उचलतो आणि घरी आल्यावर त्याला कळतं की कथेचा मधला भागच नाही. कॅरल्सच्या, म्हणजे नाताळच्या समूहगीतांच्या, शोधात असलेला माणूस दुकानात पहिलं कडवं ऐकून खूश होतो. मग शेवटच्या कडव्यात मुलांचे आवाज वर चढतात, ऑर्गन पूर्ण उघडतो आणि नेमकी तिथेच रेकॉर्ड फाटक्या स्पीकरसारखी वाजू लागते. बोललेल्या शब्दाला आणि समूहगानाला झीज वेगवेगळ्या जागी लागते. खरेदी, वाजवणं, धुणं, संगणकावर घेणं या प्रत्येक टप्प्यावर हा फरक आड येतो, म्हणून पुढचं सगळं त्याच्याच अंगाने सांगितलं आहे.

काय जमवायचं

ध्वनिनाट्यांत डिकन्सच्या १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'ला तोड नाही. रोनाल्ड कोलमनचं सादरीकरण डेक्काने १९४१ मध्ये काढलं, बेसिल रॅथबोनचं कोलंबियाने १९४२ मध्ये, आणि १९३४ पासून अमेरिकन रेडिओवर कथेतला कंजूष स्क्रूज रंगवणाऱ्या लायोनेल बॅरीमोरचं एमजीएमने १९४७ मध्ये. तिन्ही मुळात ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांच्या, संचांत आली. बारा इंची ७८ च्या एका बाजूवर चार ते पाच मिनिटं मावतात, म्हणजे पंचवीस मिनिटांच्या नाटकाला सहा बाजू हव्यात. कोलमनचं नाटक पुढे एलपीवर, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या विनाइलच्या तबकडीवर, आलं आणि त्याच्या पाठीवर चार्ल्स लॉटनने वाचलेला पिकविकचा नाताळ बसला. नुसतं ऐकायचं असेल तर ती एलपी घ्या. जाड पुठ्ठ्याचा जुना अल्बम हातात धरण्याची हौस असेल तरच ७८ च्या मागे लागा.

रॅथबोनचा संच घेताना थोडी खरखर धरून चला. १९४२ पासून युद्धामुळे अमेरिकेत लाखेचा तुटवडा झाला आणि जुन्या तबकड्या दळून त्यांचा माल नव्यात मिसळला जाऊ लागला. ती लाख जायची आपल्याच देशातून.

नाटक नको, पण उत्तम वाचन हवं असेल तर डिलन थॉमसचं वेल्समधल्या बालपणीच्या नाताळाचं वाचन घ्या. ते २२ फेब्रुवारी १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालं. बार्बरा कोहेन आणि मॅरिअन रोनी या दोन तरुणींनी काढलेल्या केडमन कंपनीची ती पहिली एलपी. कवितांनी तबकडी भरेना, म्हणून हा गद्य मजकूर घेतला गेला आणि पुढे त्याच्याचमुळे रेकॉर्ड खपली.

समूहगानासाठी १९२५ हे साल पक्कं लक्षात ठेवा. त्याआधी कर्ण्यासमोर मूठभर गायकांना दाटीवाटीने उभं करून 'कॉयर', म्हणजे गायकवृंद, मुद्रित केला जायचा, कारण मागच्या रांगेचा आवाज मेणावर उमटतच नसे. विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि ३१ मार्च १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये असोसिएटेड ग्ली क्लब्जच्या शेकडो पुरुषांनी गायलेलं 'अडेस्टे फिडेलेस' कोलंबियाने बारा इंची तबकडीवर आणलं. सभागृहाचा घुमारा प्रथमच ऐकू येतो तो अशा तबकड्यांवर. त्यानंतरच्यांत रॉबर्ट शॉच्या संचालनाखालचा १९४६ चा आरसीए व्हिक्टर संच आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या आर्गो एलपी घ्याव्यात. किंग्जची बायबलमधले नऊ पाठ आणि कॅरल्स यांची उपासना १९१८ मध्ये सुरू झाली आणि १९२८ पासून, १९३० चं वर्ष सोडल्यास, बीबीसीवरून प्रसारित होते. १९५४ ची एलपी बोरिस ऑर्डच्या हाताखालची आहे. डेव्हिड विलकॉक्स १९५७ मध्ये आले, त्यांच्या एलपी त्यानंतरच्या. मुखपृष्ठावर चॅपलचा फोटो असतोच, तेव्हा संचालकाचं नाव वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

या विषयाला ठाण्याचाही एक धागा आहे. १८२५ मध्ये ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचा अर्पणविधी करणारे बिशप रेजिनाल्ड हेबर म्हणजेच 'ब्रायटेस्ट अँड बेस्ट' या नाताळच्या दिवसांत गायल्या जाणाऱ्या स्तोत्राचे कवी. त्या स्तोत्राच्या वेगवेगळ्या कॉयरच्या तबकड्या एकत्र केल्या तरी छोटा, नेटका संग्रह होतो. मराठीकडे वळायचं तर नारायण वामन टिळकांची गीतं आणि 'उपासना संगीत'मधली पदं ज्या कॅसेटांवर, टेपांवर सापडतील त्या आधी वाचवा. कोलमनच्या तबकडीच्या प्रती जगभर आहेत, चर्चच्या नाताळ नाटिकेची टेप मात्र एकच असते.

कुठे शोधायचं

मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहेच. तिथे पितळी कर्ण्याचे 'अँटिक' ग्रामोफोन मात्र घेऊ नका. बरेचसे सुट्या भागांतून नव्याने जुळवलेले असतात आणि त्यांचा जड साउंडबॉक्स चांगली तबकडी दोन-चार वेळांत खरवडून काढतो.

ठाणे परिसरात खरा माल घराघरांत आहे. तलावपाळीच्या आसपासची जुनी घरं, गावठाणांतली ईस्ट इंडियन कुटुंबं, उत्तन-वसईकडचे नातेवाईक. इमारत पुनर्विकासाला गेली की माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि आठवड्याभरात भंगारवाल्याकडे जाते. त्यामुळे ओळखीच्या रद्दीवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला आधीच सांगून ठेवणं फायद्याचं. विचारताना 'जुन्या रेकॉर्ड आहेत का' एवढंच विचारू नका, 'टेपा, कॅसेटी आहेत का' हेही विचारा. लोक कॅसेटला वस्तूच समजत नाहीत. जिम रीव्ह्जची नाताळची एलपी बहुतेक घरांत निघते. ती आपल्या विषयाची नाही, पण तिच्या शेजारीच कॉयरची निघण्याची शक्यता असते.

१९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींकडून लेबलं आणि क्रमांक वाचण्याबद्दल जे शिकायला मिळतं ते दुकानात मिळत नाही. परदेशी विक्रेत्यांकडून मागवायचं असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. हाच माल फेब्रुवारीत स्वस्त पडतो.

दुकानात तबकडी हातात आल्यावर

लाखेच्या तबकडीची पारख माठासारखी करा. मधल्या भोकात बोट घालून ती लोंबती धरा आणि कडेला हलकी टिचकी मारा. अखंड तबकडी स्वच्छ वाजते, केसाएवढी चीर असली तरी बद्द किंवा झणझणता आवाज येतो. चीर कडेला अर्धा इंच असेल तर नाटकाच्या तबकडीत सुरुवातीची काही सेकंद टकटक येईल, ती चालेल. लेबलापर्यंत गेलेली चीर घेऊ नका.

मग तबकडी एकाच दिव्याखाली तिरकी धरा. काळी चकाकी सलग असेल तर उत्तम. खाचा करड्या दिसत असतील तर पोलादी पिनेने त्या खाल्ल्या आहेत. इथे विषयाप्रमाणे बघायचं. नाटकाच्या तबकडीत करडेपणा सगळीकडे सारखा, सौम्य असेल तर शब्द कळतात. कॅरलच्या तबकडीत लेबलाजवळचा दोन सेंटिमीटरचा पट्टा आधी बघा. एलपीच्या बाहेरच्या खाचेत पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर अंतर सरकतं, आतल्या खाचेत जेमतेम २१. तेवढ्याच सुरावटी निम्म्याहून कमी जागेत कोंबल्यामुळे आतल्या खाचा आधी झिजतात, आणि कॅरलचं सर्वांत मोठ्या आवाजाचं शेवटचं कडवं अनेकदा तिथेच येतं. दुकानात वाजवून दाखवत असतील तर शेवटच्या मिनिटावर पिन ठेवायला सांगा.

संच घेताना बाजूंचा क्रम तपासा. हाताने उलटायच्या तीन तबकड्यांच्या संचात बाजू १-२, ३-४, ५-६ अशा जोडीने येतात. आपोआप तबकडी टाकणाऱ्या चेंजरसाठीच्या संचात त्या १-६, २-५, ३-४ अशा असतात. काही संचांत १-४, २-५, ३-६ असंही असतं. कुणीतरी फुटलेल्या तबकडीच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या संचातली टाकलेली असली तर तबकड्या तीन भरतात, पण दोन बाजू दुहेरी येतात आणि दोन गायब असतात. उदाहरणार्थ १-६, २-५ आणि ५-६. अशा संचात तिसरी आणि चौथी बाजू नाहीच. अल्बमची पानं मोजू नका, लेबलावरचे बाजूंचे आकडे मोजा.

लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे मूळ साच्याचा क्रमांकही टिपून घ्या. नाव आणि गायक तेच, पण मुद्रण वेगळं, असं होतं. बिंग क्रॉस्बीचं 'व्हाइट ख्रिसमस' २९ मे १९४२ ला मुद्रित झालं आणि मूळ साचा झिजल्यामुळे मार्च १९४७ मध्ये पुन्हा करावं लागलं. अमेरिकन तबकड्यांचे मॅट्रिक्स आणि तारखा 'डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज' या खुल्या सूचीत मिळतात.

मागवलेला संच वाटेत का फुटतो? बहुतेक वेळा विक्रेता तबकड्या मूळ अल्बममध्येच ठेवून पाठवतो. अल्बमच्या कण्याशी त्या एकमेकींवर आपटतात. विक्रेत्याला स्पष्ट लिहा: प्रत्येक तबकडी अल्बममधून काढून वेगळ्या पाकिटात, दोन्ही बाजूंना तबकडीहून मोठे पुठ्ठे, दोन पुठ्ठ्यांच्या नळ्या एकमेकींना काटकोनात, आणि बाहेरच्या खोक्यात चहूबाजूंनी किमान ५ सेंटिमीटर भरण.

धुणं

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश त्यानेच तर करतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन थेंब सौम्य, बिनसुगंधी द्रव साबण, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढा, लगेच टिपा, उभी वाळवा. भिजत घालू नका, भरणीचा माल पाणी पितो आणि खरखर वाढते. विनाइलला चार भाग डिस्टिल्ड पाणी आणि एक भाग आयसोप्रोपिल चालतं. बोअरिंगचं किंवा नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला नको, वाळल्यावर क्षार खाचेत राहतात.

मधल्या भोकात धातूची चमक दिसली तर ती लॅकर तबकडी, म्हणजे थेट कोरलेली एकुलती एक प्रत. तिच्यावर पांढरी भुकटी आली असेल तर ती बुरशी असेलच असं नाही, लेपातलं तेल विघटित होऊन वर येतं. अशी तबकडी धुऊ नका, वाजवूही नका, जाणकाराकडे द्या.

वाजवणं

एलपीची पिन ७८ वर ठेवली तर ती रुंद खाचेच्या तळातला कचरा उकरत बसते आणि शब्द खरखरीत बुडतात. ७८ ला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन लागते, एलपीला ०.७ ते १ मिल. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजवर दोन्ही पिना बसतात, हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. एलपीच्या पिनेला साधारण २ ग्रॅम दाब, ७८ च्या एसपी पिनेला ५ ग्रॅम. पिन बदलली की दाब पुन्हा लावावा लागतो, आणि हे हमखास विसरलं जातं. मोनो रेकॉर्ड वाजवताना दोन्ही चॅनल एकत्र करा, उभ्या हालचालीची बरीच खरखर त्यातच कटते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला जुना प्लेयर ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टवर चालतो, पण सिंक्रोनस मोटर असेल तर वेग चुकतो. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, त्यामुळे ३३⅓ चे २७.८ फेरे होतात. स्क्रूज गुंगीत बोलतो आणि मुलांचा कॉयर पुरुषांचा वाटतो. ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही, मोटरची पुली बदलावी लागते.

वेग तपासायला ५० हर्ट्झसाठीची ७७ रेघांची स्ट्रोब चकती (फिरत्या प्लेयरवर ठेवायची रेघांची कागदी चकती) छापून घ्या. ती स्थिर दिसली तर वेग ७७.९२. बरेच एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, त्यामुळे निऑन किंवा साधा फिलामेंटचा दिवा वापरा. तरीही १९२५ च्या आधीच्या तबकड्या ७२ ते ८२ मध्ये कुठेही मुद्रित झालेल्या असतात. नाटकात थोडा फरक चालून जातो. कॉयरमध्ये ७८ ऐवजी ८२ म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर वर, म्हणून हार्मोनियम किंवा कीबोर्डवर स्वर लावूनच वेग ठरवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा इथल्या संग्रहाचा खरा शत्रू. खाडीकाठच्या इमारतीत, कळव्यापासून वाशी-बेलापूरपर्यंत, भिंतीला टेकलेलं कपाट आतून ओलं राहतं. आर्द्रतामापक ठेवा आणि ४५ ते ५० टक्क्यांचं उद्दिष्ट धरा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खालचा कप्पा रिकामा ठेवा. तबकड्या उभ्या, मध्ये दर १५ सेंटिमीटरला आडोसा. बारा इंची लाखेच्या शंभर तबकड्या ३० किलोच्या वर जातात, तेव्हा भिंतीला ठोकलेल्या फळीवर विसंबू नका. पीव्हीसीची पाकिटं फेकून द्या, ती विनाइलवर धुरकट डाग पाडतात. आम्लविरहित कागद किंवा एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर वापरा.

टेपा-कॅसेटींसाठी झाकणबंद डबा आणि त्यात सिलिका जेल. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. डबा पावसाळ्यात भरू नका, आतली ओल आतच कोंडते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी भरा.

कॅसेट आणि टेप

चर्चच्या नाटिकांची, कॅरल सिंगिंगची मुद्रणं यांवर आहेत, म्हणून इथे घाई करू नका. कॅसेट आधी खिडकीतून न्याहाळा. गुंडाळीच्या कडेला पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी, डेकमध्ये घातलीत तर पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने साफ करा आणि त्यासाठी एखादा भंगार डेक राखून ठेवा. टेपखालचा स्पंजचा दाबपॅड गळून पडलेला असेल तर आवाज दबका, येत-जात येतो. दोष टेपचा नसतो. पाच स्क्रूच्या नव्या खोक्यात दोन्ही चकत्या हलवल्या की काम होतं. वाजवण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेची प्लास्टिकची चिमटी मोडा, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. मग एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा.

शब्द घोगरे वाटत असतील तर डेकच्या हेडचा कोन जुळत नसतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू 'स' आणि 'श' सर्वांत स्पष्ट येईपर्यंत अगदी किंचित फिरवा.

सेल उतरत असलेल्या रेकॉर्डरवर मुद्रण झालं असेल तर आज वाजवताना आवाज हळूहळू पातळ आणि घाईचा होत जातो. सभागृहातल्या ध्वनिवर्धकाची गुणगुण मागे असेल तर तीच मोजपट्टी. आपल्याकडे ती ५० किंवा १०० हर्ट्झवर असायला हवी, संगणकावर मोजून तेवढा वेग दुरुस्त करता येतो. स्पूल टेपला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती ॲसिटेटची, विघटन सुरू झालेली. तिचा नंबर रांगेत पहिला, आणि बाकी टेपांपासून दूर.

संगणकावर घेताना

डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. तासाला जवळपास २ जीबी जागा लागते. पहिली फाइल कच्ची, काहीही न काढता ठेवायची, साफसफाई नेहमी तिच्या प्रतीवर. प्लेयरला ७८ चा वेग नसेल तर ४५ वर मुद्रित करून १.७३३ पट वेग वाढवता येतो. फोनो प्रीअँपची आरआयएए दुरुस्ती (मुद्रणात कमी केलेला खर्ज आणि वाढवलेले वरचे स्वर पूर्ववत करणारी) मात्र आधी उलटवून, वेग बदलून, मगच त्या काळाला साजेशी दुरुस्ती लावायची. आरआयएए मानक १९५४ चं आहे, ७८ ना ते जसंच्या तसं लागू नाही.

साफसफाईत सर्वाधिक नुकसान उत्साहाने होतं. नाटकात टिकटिक काढणारं साधन मार्लेच्या भुताच्या साखळ्यांचा खणखणाट आणि दारावरची थापही 'दोष' समजून खातं, म्हणून असे प्रसंग निवडून वगळा. 'ट', 'क', 'प' बोथट झाले की मागे या. कॉयरमध्ये खरखर कमी करताना चॅपलचा घुमारा कडव्याच्या शेवटी कापल्यासारखा तुटतो. हा घुमारा गेला की उरतो तो बंद खोलीतला कॉयर. खालची घरघर काढताना ३० हर्ट्झच्या वर जाऊ नका, ऑर्गनच्या पायपट्टीचा सोळा फुटी खालचा 'सी' ३२.७ हर्ट्झवर असतो. बाजूंची जोडणी करताना नाटकात दोन बाजूंमधला खरखरीचा पोत एकदम बदलतो. तिथे अर्ध्या सेकंदाचा उतार द्या, शांतता घालू नका.

फाइलच्या नावात साल, कंपनी, क्रमांक, बाजू. लेबलाचा फोटो सोबत. दोन हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी.

दुसऱ्यांना ऐकवण्याआधी

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५४ ची एलपी २०१४ अखेर मोकळी झाली. संहितेचा हक्क वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अमेरिकेचा हिशेब निराळा आहे: १९२५ ची मुद्रणं तिथे १ जानेवारी २०२६ पासून खुली, पण १९४७ ते १९५६ च्या मुद्रणांना ११० वर्षांचं संरक्षण. जागतिक संकेतस्थळावर टाकताना तिकडचा नियम आड येतो.

चर्चच्या नाटिकेच्या टेपेबाबत कायद्याआधी माणसं येतात. तिच्यातले आवाज अजून याच गावात राहत असतात. टेप ज्या घरातून आली तिथे आधी फाइल द्या, पेन ड्राइव्हवर आणि शक्य असेल तर सीडीवरही, कारण तिथल्या आजींकडे बहुधा सीडी प्लेयरच असतो. कोणत्या आवाजाचं कोण हे त्यांच्याकडून लिहून घ्या, मूळ टेप परत हवी का विचारा, आणि हवी असेल तर सिलिका जेलच्या पुडीसह परत करा.